फाइल ठणठणीत आहे

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये शिरा आणि भिंतीकडे बघा. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' शेजारी रुग्णहक्कांची सनद. तिच्याखाली दरपत्रक. मग नोंदणीचं प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र, एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, अग्निशमनवाल्यांचं पत्र, तक्रारीचा टोल-फ्री नंबर, पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या डब्यांत काय टाकायचं त्याचं पोस्टर. आणि अलीकडे 'औषधे येथूनच घेण्याची सक्ती नाही' असा बोर्ड. तो नेमका आतल्या एकुलत्या एका मेडिकलच्या डोक्यावर टांगलेला. गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरला आता खिळा उरलेला नाही.

हे सगळं वाचतं कोण, असं कुत्सितपणे विचारू नका. डिस्चार्ज मिळालेला पेशंट वाचतो. सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर 'चला, घरी जा आता' म्हणून गेलेले असतात. सलाइनची सुई निघते, बायको पिशव्या भरते, मेहुणा गाडी घेऊन येतो. दुपारी दोनला मेहुणा गाडी घेऊन परत जातो. पेशंट बरा झालाय, फाइल अजून बरी व्हायची आहे. तोवर रुग्णहक्कांची सनद त्याची पाठ होते.

आधी डिस्चार्ज समरी टाइप व्हायची. टाइप करणारा मुलगा एकच, आणि तोच अधूनमधून एक्स-रेही काढतो. (नियामक मंडळाने हे वाक्य वाचलं नाही असं समजू.) मग उरलेली औषधं मेडिकलला परत, मग फायनल बिल, मग सगळं स्कॅन करून टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या मध्यस्थाच्या, पोर्टलवर. पोर्टलवर चढलं की तिकडून उतरते ती क्वेरी.

विमा नियामकाने मे २०२४मध्ये फर्मान काढलं. कॅशलेस भरतीची मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने आपल्या भागधारकांच्या पैशातून भरायचे. नियम झकास आहे. फक्त ते तीन तास नक्की कधीपासून मोजायचे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईपर्यंत सहावा तास लागतो. हॉस्पिटल म्हणतं, आम्ही साडेअकराला पाठवलं. टीपीए म्हणतं, अपुरं पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट म्हणतो, दुपारचा चहा मिळेल का? सिस्टर म्हणते, तुमचा डिस्चार्ज झालाय, तुमचा चहा बंद.

क्वेरी हा प्रकार मात्र अभ्यास करण्याजोगा आहे. डेंग्यूने भरती झालेल्या काकूंबद्दल विचारतात, 'सदर रुग्णास मधुमेह कधीपासून आहे?' ह्या क्वेरीचा जन्म रात्री अडीच वाजता झालेला असतो. ड्यूटीवरच्या आरएमओने जांभई देत विचारलं, शुगर कधीपासून? काकू तापाच्या भरात म्हणाल्या, 'असेल की पाच-सहा वर्षं.' काकूंच्या हिशोबात थोरलीच्या लग्नानंतर घडलेलं सगळंच पाच-सहा वर्षांपूर्वीचं असतं. त्याने लिहिलं, सहा वर्षं. पॉलिसी आहे चार वर्षांची, आणि तिच्या फॉर्मवर मधुमेहापुढे 'नाही' ही खूण एजंटाने स्वतःच्या सोन्यासारख्या अक्षरात केलेली. झालं. काकूंनी विमा कंपनीला फसवलं. डेंग्यू डासाने दिला, पण दावा शुगरने खाल्ला.

सलग पाच वर्षं हप्ते भरले की नंतर 'तुम्ही आजार सांगितला नव्हता' म्हणून दावा नाकारता येत नाही, सरळ फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ला पाचावर आली. काकूंना एक वर्ष कमी पडलं. मग काका डॉक्टरांच्या केबिनमध्ये. 'साहेब, सहाचं तीन करा ना. तुमच्याच हातचं तर आहे.' डॉक्टर हात वर करतात. केसपेपरवर खाडाखोड सापडली तर उद्या ग्राहक न्यायालयात तेच उभे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ला डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, तेव्हापासून ते पेशंटपेक्षा पेनाला जास्त घाबरतात. आणि ज्याने 'सहा' लिहिलं तो आरएमओ? त्याने मागच्याच आठवड्यात दुसरं हॉस्पिटल धरलं.

आता बिल. नियामकाने कशाचे पैसे देय नाहीत त्याच्या चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीतच ६८ वस्तू. त्यात ब्युटी सर्व्हिसेस आहेत, मिनरल वॉटर आहे, टीव्हीचे पैसे आहेत, थर्मामीटर आहे. पुढच्या यादीत कंगवा, टूथब्रश, टूथपेस्ट, चपला, टिश्यू पेपर आणि ओ-द-कोलोन. हे सगळं खोलीभाड्यात धरायचं, वेगळं लावायचं नाही. ज्याने ही यादी केली त्याला मी वाकून नमस्कार करतो, कारण ती हवेतून आलेली नसणार. कधीतरी, कुठल्यातरी हॉस्पिटलने, कुठल्यातरी अपेंडिक्सच्या बिलात कंगवा खरोखर लावला असणार. पेशंटला टक्कल होतं की नाही, एवढंच कळायचं बाकी आहे.

त्याच यादीत 'फाइल उघडण्याचे शुल्क', 'कागदपत्रांचे शुल्क', 'डिस्चार्ज प्रक्रियेचे शुल्क' हेही आहेत. नियामकाने ती नावं छापली आणि हॉस्पिटलांनी त्या नावांना रजा दिली. आता बिलात 'प्रशासकीय सेवा' असते. तिचा अर्थ विचारायला गेलात तर काउंटरवरच्या ताई प्रशासकीय नजरेने बघतात.

याहून भारी गणित खोलीचं आहे, आणि ते भरतीच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही घेतली ४,५००ची खोली, कारण त्याच खोलीत सासूबाईंना झोपायला सोफा होता. तुमचा हिशोब असा, की वरचे दीड हजार आपण भरू. कंपनीचा हिशोब असा, की हा माणूस आपल्या ऐपतीच्या दीडपट खोलीत राहिला, म्हणजे त्याचं ऑपरेशनही दीडपट महाग झालं. म्हणून ऑपरेशनच्या ६०,०००पैकी मान्य ४०,०००. डॉक्टरांच्या व्हिजिटचंही तसंच. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही असं नियम सांगतो, एवढीच कृपा. सोफा वीस-पंचवीस हजारांना पडला. सासूबाईंना सांगू नका.

आणि कंपनीचं म्हणणं अगदीच खोटं आहे असंही नाही. बऱ्याच ठिकाणी खोलीच्या दर्जाप्रमाणे ऑपरेशनचा दर खरोखरच बदलतो. तोच सर्जन, तेच टेबल, तोच भुलवणारा डॉक्टर. पण जनरल वॉर्डातून आलेलं अपेंडिक्स स्वस्त आणि डीलक्स रूममधून आलेलं महाग. आत सगळी सारखीच दिसतात म्हणे.

हॉस्पिटलवाल्यांना छेडलं तर तेही रडतात, आणि रडण्यात तथ्य आहे. टीपीएशी करार करतानाच सवलत द्यायची. मग पाठवलेल्या बिलात काटछाट. जे मंजूर झालं त्यातून दहा टक्के टीडीएस. जे उरलं ते आठवड्यांनी. तोवर सिस्टरांचे पगार, विजेचं बिल आणि ऑक्सिजनवाला यांना 'तुमचं पोर्टलवर प्रलंबित आहे' म्हणून सांगता येत नाही. ते कापणारच, म्हणून हे आधीच वाढवून लावतात. हे वाढवूनच लावतात, म्हणून ते डोळे मिटून कापतात. दोघांचाही अनुभव दांडगा असल्याने हिशोब साधारण जुळतो. ज्याच्याकडे विमा नाही त्याला मात्र कापणारं कोणी नसतं. त्याला फक्त वाढवून लावलेलं मिळतं. म्हणून काउंटरवरचा पहिला प्रश्न 'कुठं दुखतंय?' असा नसतो. 'मेडिक्लेम आहे का?' असा असतो.

सरकारने मध्ये पडून दर बांधले की काय होतं, तेही आपण पाहिलंय. फेब्रुवारी २०१७मध्ये स्टेंटची किंमत बांधली. साधी ७,२६०, औषधी २९,६००. लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. वर्षभराने त्याच राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने दिल्लीच्या परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं उलगडली, तेव्हा वापरून फेकायच्या वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला निघाला. सिरिंज, हातमोजे असल्या वस्तू. एक आकडा बांधला की शेजारचा आकडा मोकळा सुटतो. कोविडमध्ये, मे २०२०ला, महाराष्ट्राने ८० टक्के खाटांचे रोजचे दर ठरवून दिले. साधी ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. मग बिलांत पीपीई किटची संख्या वाढायला लागली, आणि बिलं तपासायला सरकारी लेखापरीक्षक हॉस्पिटलांत बसवावे लागले. काही पेशंटांच्या बिलाप्रमाणे त्यांच्या खोलीत इतकी किटं घातलेली माणसं येऊन गेली होती, की खोलीत अंतर पाळणं अशक्यच होतं.

करांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर सीए चिडतात. जुलै २०२२पासून आयसीयू सोडून, दिवसाला ५,०००च्या वर भाड्याच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी लागतो. तेव्हा कुठे ४,९९०ची खोली दिसली तर दचकू नका, तो वैद्यकीय निर्णय आहे. रोखीत दोन लाख किंवा वर घ्यायचे नाहीत. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. ते तिकीट संपलेलं असतं.

आणि आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना. दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली, सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली. घोषणा ऐकताना छाती भरून आली. हॉस्पिटलांचीही आली, पण तिकडे ईसीजी काढावा लागला, कारण पॅकेजचे दर आणि थकलेले पैसे यांच्याबद्दल त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं ओरडतायत. परिणाम असा, की योजनेचा बोर्ड दारात असतो, आरोग्यमित्र टेबलावर असतो आणि खाट नसते. खाट कॅशवाल्याला लगेच सापडते. खाटांनाही कळतं.

आता तपासणीकडे. १९४९चा नर्सिंग होम कायदा आपल्याकडे अजून चालतो. केंद्राने २०१०मध्ये नवा कायदा करून राज्यांपुढे ठेवला. आपण तो घेतला नाही, जुनाच टिकाऊ निघाला. २०२१ला त्याचे नियम सुधारले. दरपत्रक लावा, हक्कांची सनद लावा, तक्रार निवारण कक्ष ठेवा, आणि बिलासाठी मृतदेह अडवू नका. शेवटची गोष्ट नियमात लिहावी लागते, यावर मी काही बोलत नाही. दरपत्रक मात्र सगळ्यांनी लावलं. काउंटरच्या मागे, प्रिंटरच्या वर, ताईंच्या खुर्चीवर उभं राहिलं तर छान वाचता येतं.

दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याला अग्निशमनाचं पत्र हवं, त्याला इमारतीचा नकाशा हवा, तो नकाशा बिल्डरकडे, आणि बिल्डर कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. इथे अवतरतो लायसनिंगवाला. मोटारसायकल, पाठीला सॅक, सॅकमध्ये अकरा हॉस्पिटलांचे शिक्के. 'डॉक्टर, तुम्ही पेशंट बघा, फाइल मी बनवतो.' सरकारने एक खिडकी योजनेची भाषणं किती वर्षं केली. ती खिडकी शेवटी स्प्लेंडरवरून आली. तोच मानांकनासाठी कार्यपद्धतीची जाडजूड पुस्तिकाही देतो. एका प्रसूतिगृहाच्या पुस्तिकेत मी बायपासनंतर रुग्णाची काळजी कशी घ्यावी त्याचं प्रकरण वाचलंय. उत्तम लिहिलं होतं.

जैववैद्यकीय कचऱ्याचं रजिस्टरही असंच वाचनीय. नियम २०१६चे, आणि चांगले आहेत. चार रंग, पिशवीला बारकोड, ४८ तासांच्या आत कचरा बाहेर, वर्षाचा अहवाल ३० जूनपर्यंत. सुया उघड्यावर टाकणाऱ्या ह्या देशात असे नियम हवेतच. पण मी पाहिलेल्या एका रजिस्टरात पिवळ्या पिशवीचं वजन रोज सव्वा किलो होतं. पाच डिलिव्हऱ्या झाल्या तरी सव्वा किलो. लक्ष्मीपूजनाला हॉस्पिटल बंद होतं तरी सव्वा किलो. इतकी स्थिर प्रकृती त्या इमारतीत दुसऱ्या कोणाचीच नव्हती.

गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्यातल्या, सोनोग्राफीच्या फॉर्म 'एफ'बद्दल डॉक्टरांचं रडगाणं मला पटत नाही. एक रकाना रिकामा राहिला की मशीन सील, हा जाच आहे, म्हणतात. जाच आहेच. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म, प्रत्येक सही. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना हे घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१९मध्ये न्यायालयाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की ह्या कायद्यात नोंदी ठेवणं हाच गाभा आहे, कारकुनी चूक म्हणून सोडता येणार नाही. बरोबर सांगितलं. ह्या विषयावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ला, केंद्राच्या सहा वर्षं आधी. आणि २०१२ला परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण बाहेर आलं तेही महाराष्ट्रातच. तो फॉर्म कारकुनांनी हौसेने काढलेला नाही. तो डॉक्टरांनीच काढायला लावला. आता भरा.

आगीवर विनोद करवत नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. राज्यभर पत्रं सुटली. तपासणी करा, अहवाल द्या. अहवाल आले. एप्रिलमध्ये विरारच्या खासगी हॉस्पिटलचा आयसीयू पेटला. पुन्हा पत्रं, पुन्हा अहवाल. नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू पेटला, अकरा रुग्ण गेले. भंडारा आणि नगर दोन्ही सरकारी. ज्यांनी इतरांची तपासणी करायची त्यांचीच घरं. कायद्याने दर जानेवारीत आणि दर जुलैत इमारतीच्या मालकाने फॉर्म 'बी' द्यायचा असतो, की आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे. ते पत्र लायसनिंगवाला आणून देतो. जिन्याखाली मोडक्या खाटा आणि रिकामे सिलिंडर असतात, मागच्या दाराला कुलूप असतं, आणि त्याची किल्ली वॉचमनकडे. वॉचमन रात्री दुसऱ्या इमारतीवर असतो. पत्रावर मात्र शिक्का स्वच्छ उमटलेला.

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण २०२२ला कायदा बदलला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आपण जिंकलो. हॉस्पिटलचीही पाटी मराठीत झाली. तिच्याखाली मिळणारं बिल मात्र 'मिसलेनियस', 'कन्झ्युमेबल्स', 'ओटी ग्यासेस' अशा भाषेत. ते अधिकाऱ्याला कळतं, टीपीएच्या डॉक्टरला कळतं, सीएला कळतं. ज्याने पैसे भरले तो त्यावरची तारीख तेवढी वाचू शकतो. त्याला हे कळावं असं वाटणारा माणूस ह्या सगळ्या टेबलांपैकी एकाही टेबलावर बसलेला नाही. फॉर्म अधिकाऱ्यासाठी, बिल कंपनीसाठी, पेशंटसाठी भिंत.

तरी एखादा काका हट्टाला पेटतो. त्याने कुठेतरी वाचलेलं असतं, की केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. डॉक्टरांच्या आचारनियमांत २००२पासून ते आहे. तो अर्ज देतो. ताई अर्ज वाचतात, डॉक्टरांना फोन करतात, आणि नाइलाजाने म्हणतात, 'मिळेल ना काका. झेरॉक्सचे पैसे भरा.' काका भरतो, पावती घेतो, आणि हिशोबाने जगलेला माणूस असल्यामुळे ती पावतीही विम्याच्या दाव्याला जोडतो. महिन्याभराने उत्तर येतं. झेरॉक्सचा खर्च पहिल्या यादीत आहे, देय नाही.